आयरिश रेड एल दर वेळी तपकिरी आणि गोडच का निघते?

घरी आयरिश रेड एल ही लालसर बिअर बनवणाऱ्यांची तक्रार जवळजवळ नेहमी एकच असते. बिअर आंबून झाली, ग्लासात ओतली, आणि रंग लाल नाही, तपकिरी आहे. घोट घेतला तर कॅरॅमल पुढे येतं, जिभेवर रेंगाळतं, आणि शेवटी जो हलका भाजका कोरडेपणा जाणवायला हवा तो जाणवतच नाही. मग पुढच्या खेपेला रंग यावा म्हणून क्रिस्टल माल्ट (कॅरॅमलची चव देणारं, अंकुरवून भाजलेलं बार्लीचं धान्य) वाढवला जातो. बिअर आणखी गोड होते आणि रंग आणखी मातकट. तिसऱ्या खेपेला यीस्ट बदललं जातं, चौथ्या खेपेला रेसिपीच बदलली जाते, तरी मूळ दुखणं तिथल्या तिथे.

माझं म्हणणं असं की ही दोन वेगळी दुखणी नाहीत. बहुतेक वेळा रंग चुकीच्या धान्यातून काढायला गेल्यामुळेच गोडवा शिल्लक राहतो. या बिअरचा लाल रंग आणि तिचा कोरडा शेवट, दोन्ही थोड्याशा रोस्टेड बार्लीतून, म्हणजे काळपट होईस्तोवर भाजलेल्या बार्लीतून, येतात. क्रिस्टल माल्टचं काम दुय्यम आहे. हे एकदा ध्यानात आलं की निम्म्याहून अधिक बॅचेस तिथेच सुधारतात. उरलेल्यांमध्ये मॅशचं (दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजवण्याचं) तापमान, यीस्ट किंवा निव्वळ मोजमापातली गफलत असते, तिकडेही येतो.

आधी नेमकं काय हवंय ते ठरवा

बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या शैलीपत्रकात ही बिअर १५ए या क्रमांकाखाली येते. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर जास्त तितका आकडा जास्त) १.०३६ ते १.०४६, शेवटची १.०१० ते १.०१४, कडवटपणा १८ ते २८ आयबीयू, रंग ९ ते १४ एसआरएम, अल्कोहोल ३.८ ते ५ टक्के. म्हणजे ही हलकी, सहज पिता येणारी, रोजची बिअर आहे. आयर्लंडच्या पबमध्ये मिळणारी स्मिथविक्स ३.८ टक्क्यांची असते. घरी बनवणारे मात्र अनेकदा १.०५५ ची ग्रॅव्हिटी धरतात, पाऊण किलो क्रिस्टल घालतात आणि मग ती जड का झाली म्हणून विचारत बसतात.

चवीसाठी नमुना कोणता धरता यालाही महत्त्व आहे. स्मिथविक्सची परंपरा किलकेनी शहरातली, १७१० सालापासून सांगितली जाते. तिथली सेंट फ्रान्सिस ॲबी ब्रुअरी २०१३ मध्ये बंद झाली आणि उत्पादन डब्लिनला गेलं. दुसरं प्रसिद्ध नाव किलियन्स. त्याचं मूळ वेक्सफर्ड परगण्यातल्या एनिस्कॉर्थीच्या लेट कुटुंबाच्या ब्रुअरीत. ती ब्रुअरी १९५६ मध्ये बंद पडली. पुढे ते नाव फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत परवान्यावर वापरलं गेलं, आणि अमेरिकेत त्या नावाने विकली जाणारी बिअर लागर (गारव्यात आंबवलेली) आहे, एल (तुलनेने उबेत आंबवलेली) नाही. तिची चव डोक्यात ठेवून एल बनवली तर निकाल कधीच जुळणार नाही.

रंगाचं गणित

इथे जरा थांबूया, कारण खरी गोम इथेच आहे.

धान्याचा रंगातला वाटा काढायची साधी रीत म्हणजे वजन गुणिले लोव्हिबॉंड, म्हणजे त्या धान्याच्या गडदपणाचा आकडा. आता दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. ८० लोव्हिबॉंडचा क्रिस्टल माल्ट ५०० ग्रॅम, आणि ५०० लोव्हिबॉंडची रोस्टेड बार्ली ८० ग्रॅम. दोन्हींचा गुणाकार एकच येतो, ४०,०००. म्हणजे कागदावर दोघांचं रंगातलं योगदान सारखं. पण ५०० ग्रॅम क्रिस्टलबरोबर बिअरमध्ये भरपूर न आंबणारी साखर आणि कॅरॅमलची दाट चव येते. मॅशमध्ये बेस माल्टची, म्हणजे मुख्य फिकट माल्टची, एन्झाइम्स त्यातली काही साखर तोडतात, सगळी नाही. ८० ग्रॅम रोस्टेड बार्लीबरोबर मात्र गोडवा जवळजवळ येतच नाही. येतो तो भाजका कोरडेपणा, जो आपल्याला हवाच होता.

यापुढचा मुद्दा जास्त फसवा आहे. एसआरएम हा आकडा ४३० नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीचा प्रकाश बिअर किती शोषते त्यावरून ठरतो. बिअर किती गडद आहे हे तो सांगतो, लाल आहे की तपकिरी हे सांगत नाही. त्यामुळे रेसिपीचं सॉफ्टवेअर वरच्या दोन्ही रेसिपींना साधारण सारखाच आकडा देतं आणि पडद्यावर सारखाच रंग दाखवतं. ग्लासात मात्र गडद क्रिस्टलची बिअर तांबूस-तपकिरीकडे झुकते, आणि फिकट माल्टवर बेताने घातलेली रोस्टेड बार्ली उजेडासमोर धरल्यावर माणकासारखी लाल झाक देते. सॉफ्टवेअरच्या चौकटीतला रंग बघून रेसिपी ठरवू नका.

बेताने हा शब्द इथे अक्षरशः घ्या. २० लिटरच्या बॅचमध्ये ३.८ किलो पेल माल्ट आणि ४० लोव्हिबॉंडचा २०० ग्रॅम क्रिस्टल धरला, तर ५०० लोव्हिबॉंडची रोस्टेड बार्ली ६० ग्रॅम घातल्यास मोरे सूत्राने (धान्यावरून बिअरचा रंग काढायचं सूत्र) साधारण १२ एसआरएम येतो, ८० ग्रॅमला साडेतेरा, १०० ग्रॅमला १५, आणि १५० ग्रॅमला १८ च्या वर. म्हणजे १०० ग्रॅमलाच शैलीची मर्यादा ओलांडली, आणि १५० ला बिअर सरळ तपकिरी एलमध्ये जाऊन बसली. ‘मूठभर’ मोजून हे जमत नाही. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा लागतोच.

शिवाय पिशवीवरचा लोव्हिबॉंड वाचल्याशिवाय दुसऱ्याची रेसिपी उतरवू नका. रोस्टेड बार्ली ३०० लोव्हिबॉंडचीही मिळते आणि ५०० च्या वरचीही. ३०० ची असेल तर ८० ग्रॅममध्ये जेमतेम ११ एसआरएम होतो, तिथे १३० ग्रॅमच्या आसपास जावं लागतं. ‘अगदी तीच रेसिपी केली तरी रंग आला नाही’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. दळण्याचाही फरक पडतो. बार्ली बारीक दळली की तेवढ्याच वजनातून जास्त रंग सुटतो, म्हणून एकदा जशी दळली तशीच दर वेळी दळा.

रोस्टेड बार्ली मॅशच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घालावी, किंवा रात्रभर गार पाण्यात भिजवून नुसतं पाणी घ्यावं, असा सल्ला तुम्हाला बरेचजण देतील. स्टाउटमधला जळकटपणा कमी करायला तो चांगला आहे. इथे मला तो पटत नाही. ८० ग्रॅममध्ये जळकटपणा येण्याइतकं काही नसतंच. उलट जो कोरडा शेवट मिळत नाही म्हणून आपण हैराण आहोत, तोच या रीतीने आणखी पातळ होतो. पहिल्यापासून मॅशमध्ये घाला.

तर सुरुवातीसाठी वर दिलेलंच धान्य घ्या: पेल माल्ट ३.८ किलो, ४० लोव्हिबॉंडचा क्रिस्टल २०० ग्रॅम, ५०० लोव्हिबॉंडची रोस्टेड बार्ली ८० ग्रॅम. मॅशची कार्यक्षमता (धान्यातली किती साखर हाती येते ती) सत्तर-बाहत्तर टक्के असेल तर ग्रॅव्हिटी १.०४४ च्या आसपास बसेल. ५ टक्के आल्फा ॲसिडचे (हा कडवटपणा देणारा घटक) ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स ४० ग्रॅम ६० मिनिटं उकळले की सुमारे २४ आयबीयू मिळतात. फगल्सही चालतात. उशिरा घालायच्या हॉप्सची इथे गरज नाही.

शेवटची ग्रॅव्हिटी खरंच जास्त आहे का?

‘१.०२४ वर अडकलीय, हलतच नाही’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कशाने मोजली? रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणाऱ्या यंत्राने) मोजली असेल तर बिअर बहुधा अडकलेलीच नाही. अल्कोहोलमुळे रिफ्रॅक्टोमीटर जास्त आकडा दाखवतो. सुरुवातीला ११ ब्रिक्स (साखरेची टक्केवारी) होतं आणि आता ६ दाखवतंय, तर थेट बदल करून १.०२४ निघतं. सुधारणा-सूत्र लावलं की खरी ग्रॅव्हिटी १.०१२ ते १.०१३ निघते. म्हणजे बिअर व्यवस्थित संपलेली आहे. असल्या बॅचमध्ये लोक नवं यीस्ट ओततात, गरम करतात, ढवळतात, आणि चांगल्या बिअरमध्ये हवा घालून तिची नासाडी करतात.

हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजणारी तरंगती काचनळी) असेल तर तो कोणत्या तापमानासाठी बनवलाय ते त्याच्या कागदावर पाहा, साध्या पाण्यात १.००० दाखवतो का तपासा, आणि नमुन्यातला वायू ढवळून काढून टाका. बुडबुडे चिकटले की हायड्रोमीटर वर उचलला जातो आणि ग्रॅव्हिटी जास्त दिसते.

वर्टमध्ये खोट आहे की यीस्टमध्ये?

ग्रॅव्हिटी खरोखरच १.०१६ किंवा १.०१८ वर थांबली असेल तर दोनच शक्यता उरतात. एक, वर्टमध्ये (मॅशमधून निघणाऱ्या माल्टच्या गोड पाण्यात) आंबण्याजोगी साखर संपलेली आहे. दोन, साखर आहे पण यीस्टने काम सोडलंय. या दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, तरी लोक अंदाजाने काहीतरी करून बघतात. अंदाज कशाला, छोटी चाचणी आहे.

यीस्ट घालायच्या दिवशीच २०० ते ३०० मिली वर्ट निर्जंतुक बाटलीत बाजूला काढा. त्यात यीस्ट सढळ हाताने, प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त घाला. तोंडावर फॉइल ठेवा, २४ ते २६ अंशांत ठेवा आणि येता-जाता हलवत राहा. दोन-तीन दिवसांत हा नमुना जिथवर उतरायचा तिथवर उतरतो. त्याची ग्रॅव्हिटी ही त्या वर्टची तळरेषा. यीस्ट मात्र मोठ्या बॅचमधलंच वापरा, नाहीतर तुलना चुकेल.

नमुना १.०११ ला गेला आणि फर्मेंटर १.०१७ ला थांबला, तर दोष यीस्टचा किंवा तापमानाचा. दोन्ही १.०१६ ला थांबले, तर दोष मॅशचा किंवा धान्याचा, आणि आता फर्मेंटर कितीही हलवला तरी काही उपयोग नाही. माझ्या मते या शैलीत सतत अडचण येणाऱ्याने दुसरं काही करण्याआधी ही चाचणी करावी.

मॅशचं तापमान

दोष मॅशचा निघाला तर थर्मामीटरवर संशय घ्या. बीटा अमायलेज साधारण ६० ते ६५ अंशांत जोरात काम करतं आणि आंबणारी साखर बनवतं. आल्फा अमायलेजला ६८ ते ७२ मानवतं, आणि त्यातून न आंबणारे लांब तुकडे जास्त उरतात. या बिअरसाठी ६५ ते ६६ अंश, पूर्ण ६० मिनिटं. अनेक रेसिपींमध्ये अंगभर चव यावी म्हणून ६८ किंवा ६९ लिहिलेलं असतं. त्यात थर्मामीटर दोन अंश कमी दाखवत असेल तर प्रत्यक्षात तुम्ही ७० किंवा त्याच्या वर आहात, आणि मग १.०१७ ला थांबलेल्या बिअरचं नवल वाटायला नको.

बर्फाच्या पाण्यात थर्मामीटर शून्य दाखवतो म्हणून तो ६५ ला बरोबर असेलच असं नाही. खात्रीच्या दुसऱ्या थर्मामीटरशी ६५ अंशांच्या पाण्यात ताडून बघा. मॅश नीट ढवळून तीन-चार ठिकाणी मोजा. भांड्याला खालून आच देत असाल तर तळाशी आणि वर बरंच अंतर पडतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. अल्कधर्मी पाण्यात फिकट माल्टचा पीएच वर राहतो, रंग निस्तेज येतो आणि सालातला तुरटपणा उतरतो. मॅशचा पीएच ५.२ ते ५.५ मध्ये बसवा, लागलं तर थोडं लॅक्टिक ॲसिड वापरून. डब्लिनचं पाणी कार्बोनेटसाठी प्रसिद्ध आहे, पण ते भरपूर काळं धान्य घालणाऱ्या स्टाउटला साजेसं. ८० ग्रॅम रोस्टेड बार्ली ती अल्कता तोलू शकत नाही, म्हणून ‘आयरिश बिअर म्हणून डब्लिनचं पाणी’ असा क्षारांचा घाट घालू नका.

यीस्ट, आणि गोडव्याच्या वेषातलं लोणी

वायईस्ट १०८४ आणि व्हाइट लॅब्सचं डब्ल्यूएलपी००४ ही या बिअरसाठी नेहमीची आयरिश यीस्ट. दोन्ही ग्रॅव्हिटीतले १.००० वरचे अंक साधारण ७० ते ७५ टक्क्यांनी खाली आणतात. १.०४४ पासून १.०११ म्हणजे बरोबर ७५ टक्के, म्हणजे त्यांच्याकडून आपण पूर्ण क्षमतेचं काम मागतोय. द्रव यीस्टचं जुनं पाकीट तसंच ओतलं तर ते होणार नाही. स्टार्टर करा, म्हणजे यीस्ट आधी थोड्या वर्टमध्ये वाढवून घ्या, आणि यीस्ट घालताना वर्टमध्ये हवा नीट मिसळा. हवा द्यायची हीच एक वेळ. कोरडं यीस्ट हवं असेल तर नॉटिंगहॅम किंवा यूएस-०५ जास्त कोरडा शेवट देतात. आयरिश यीस्टची फळांची मंद झाक त्यात नसते, पण गोडव्याने त्रासलेल्या माणसाला मी एक बॅच त्यावर करून बघायला सांगेन.

१७-१८ अंशांवर सुरू करा. पहिले तीन दिवस १८ वर ठेवा, आणि फेस खाली बसायला लागला की २० ते २१ पर्यंत जाऊ द्या. पुष्कळ घरांत होतं नेमकं उलटं. सुरुवातीच्या जोमात फर्मेंटर स्वतःच्या उष्णतेने २३-२४ ला जातो, जोर ओसरला की रात्रीच्या गारव्यात १६ वर येतो. यीस्ट तळाशी बसतं आणि शेवटचे पाच-सहा अंक तसेच राहतात. अशा वेळी फर्मेंटर २१ अंशांवर आणून, झाकण न उघडता हलकेच गोल फिरवून यीस्ट वर उचललं की बऱ्याचदा काम पुन्हा सुरू होतं.

ग्रॅव्हिटी १.०११, आणि तरी बिअर गोड लागते? मग डायॲसिटिल तपासा. ही लोण्यासारखी, टॉफीसारखी चव जिभेला हमखास गोडव्यासारखी भासते, आणि आयरिश यीस्टमध्ये ती सोडण्याची प्रवृत्ती आहेच. अगदी मंद असेल तर या शैलीत ती खपवून घेतात, पण तिची गरज मुळीच नाही. दोन ग्लासांत नमुना घ्या. एक झाकून ६० ते ७० अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग गार करा, आणि दोन्ही हुंगून पाहा. फक्त तापवलेल्यात लोणी जाणवलं तर डायॲसिटिलचा कच्चा माल अजून बिअरमध्ये आहे. आत्ता बाटलीत भरलीत तर लोणी नंतर उगवेल. दोन्हीत जाणवलं तरी उपाय तोच, यीस्टसकट आणखी दोन-तीन दिवस २१ अंशांवर. यीस्ट ते परत शोषून घेतं, आपण फक्त त्याला घाईने गार करायचं नाही. पण ही चव भरल्यानंतर बाटल्यांमध्ये आठवड्यागणिक वाढत असेल, तर यीस्टला दोष देऊ नका. नळी, तोटी आणि बाटल्या उघडून स्वच्छ करा. बॅक्टेरियाही हीच चव देतात.

एक्स्ट्रॅक्टवर बनवणाऱ्यांसाठी

तुमच्या हातात मॅश नाही, म्हणून एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा तयार, आटवलेला अर्क) निवडताना चोखंदळ व्हा. अंबर एक्स्ट्रॅक्टमध्ये क्रिस्टल आधीच असतो. त्यात तुम्ही आणखी घालता आणि गोडवा दुप्पट होतो. सर्वांत फिकट कोरडा एक्स्ट्रॅक्ट सुमारे २.३ किलो घ्या, रोस्टेड बार्ली आणि थोडा क्रिस्टल ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवून काढा. निम्मा एक्स्ट्रॅक्ट उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत घाला, नाहीतर तो भांड्यातच तपकिरी होतो. तरीही बिअर १.०१४ च्या खाली जात नसेल तर २०० ग्रॅम एक्स्ट्रॅक्टच्या जागी तितकीच साधी साखर टाका. त्यात कमीपणा काही नाही.

रंग आहे, पण दिसत नाही

फर्मेंटरमध्ये पाहून घाबरू नका. एवढ्या जाडीतून कुठलीही रेड एल काळपटच दिसते. ग्लासातही यीस्टचा धुरळा असेल तर लाल रंग मरतो आणि मातकट तपकिरी उरतो. उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत आयरिश मॉस घाला. आयर्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावर मिळणारं हे लाल शैवाल प्रथिनं खाली बसवतं. आंबणं पूर्ण झाल्यावर दोन-तीन दिवस २ ते ४ अंशांवर गार ठेवा. पहिल्या आठवड्यात लाल असलेली बिअर दोन महिन्यांत तपकिरी होऊन पुठ्ठ्यासारखी लागत असेल, तर ते ऑक्सिजनचं काम. बाटलीत भरताना नळी तळापर्यंत न्या, खळखळाट होऊ देऊ नका.

हातातल्या गोड बॅचचं काय?

नमुन्याच्या चाचणीत साखर शिल्लक आहे असं दिसलं, तर बाटल्या भरू नका. ग्रॅव्हिटी किमान तीन दिवस एका जागी थांबलेली हवी, आणि ती तळरेषेशी जुळायला हवी. उरलेली साखर बाटलीत आंबली की काच फुटते, आणि त्याने गंभीर इजा होऊ शकते.

साखर संपली असूनही बिअर गोड असेल तर एन्झाइम टाकून ती कोरडी करण्याचा मोह आवरा. ते कुठे थांबेल हे आपल्या हातात राहत नाही, आणि बिअर पातळ, पोकळ होते. त्यापेक्षा एखादी कोरडी, साधी पेल एल याच आकाराची बनवा आणि ग्लासात प्रमाण ठरवून मगच दोन्ही मिसळा. तेही नको असेल तर वायू थोडा वाढवा. या बिअरला एरवी २.२ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या २.२ पट वायू) पुरतात, म्हणजे २० अंशांवरच्या २० लिटरला साधारण ११० ग्रॅम साखर. गोड बॅचसाठी १३० ग्रॅमपर्यंत जा. वायूचा चरचरीतपणा गोडवा बराच कापतो. आणि पिताना ७ ते १० अंशांवर प्या, जास्त कोमट झाली की कॅरॅमल पुन्हा वर येतं.